टेपातली पाठराखीण

माह्या मालकाले देव दिसत नाई अशी जागाच नाई. पोंभुर्ण्यात लहानू जीपवाला म्हणलं का कोणीबी घर दाखवते. दसऱ्याले गाडी धुतली, हार घातला, इथवर ठीक हाय बापा. पण हा माणूस एकेका बोल्टाले तेल-शेंदूर लावते. चाकाच्या, बंपरच्या, आतमधी डॅशबोर्डाखालच्यासुद्धा. मी म्हणतो, कधी घरच्या बायकोलेबी कुंकू लावत जा. तं नुसते हासते.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात आमच्या मंगलीचं लगीन ठरलं, एटापल्लीले. लहानपणापासून ते आजीजवळ झोपे. माही सासू, भागीरथाबाई, गाणं म्हणे आन मधातच थांबून हळूच इचारे, "झोपली का व?" मंगली म्हणे, "नाई व आजी." मंग गाणं पुढं चाले. एवढी घोडी झाली तरी हेच.

पाठराखीण म्हणून आजीच जाणार होती. पण ऐन हळदीच्या तोंडावर बुडीची कंबर धरली. एटापल्लीच्या त्या खड्ड्याच्या रस्त्यानं तिले कसं न्याव? मंगलीनं जेवणच सोडलं. मले लय वाईट वाटलं. तवा मालकानं अक्कल लढवली. आजीची गाणी कॅसेटमधी भरली. "आजी नाई तं आजीचा आवाज पाठराखीण," म्हणे. बुडीनं सवयीनं मधात "झोपली का व?" इचारलंच, तेबी कॅसेटमधी आलं.

जीपच्या टेपवर लावली, खणखणीत. पण इंजिन चालू केलं का कुईंऽऽ! अ‍ॅक्सिलेटर दाबला का कुईं अजून चढे. अंगणातल्या खाटेवरून बुडी म्हणे, "माह्या गाण्यात डास कोणं सोडला?" आन ते हळूच इचारणं तं पार बुडूनच गेलं.

मालकानं टेप पुसला, स्पीकर बदलला, कुईं जाईच ना. मांडवाची लायटिंग कराले त्याचा लंगोटीयार श्रीहरीभाऊ आलता, ऊर्जानगरच्या पावरहाऊसात इलेक्ट्रिशियन. त्यानं आधी एरियलची वायर काढून पायली. कुईं तशीच. मंग लायटिंगच्या वायरचं एक टोक टेपच्या पत्र्याले लावलं, दुसरं सिद्धं बॅटरीच्या मायनसले. कुईं गायब. वायर काढली, कुईं हजर.

"टेप चांगला हाय," श्रीहरीभाऊ म्हणे, "याचं अर्थिंग बसलं नाई. म्हणून डायनामोचा आवाज गाण्यात घुसून राह्यला."

डॅशबोर्डाखाली टॉर्च मारला तं टेपची काळी वायर बोल्टाखाली, आन बोल्टाखाली शेंदराचा हा जाड थर. "शेंदरातून करंट जात नाई लहानू. खरवड." लायटिंगची वायर तं मांडवाले पायजे होती. दुसऱ्या बोल्टाले टेपची वायर लावू म्हणलं, तं गाडीत कोरा बोल्ट एकबी नाई.

मालक हात मांडीखाली घेऊन बसले. "देव खरवडू काय?"

माह्या तळपायाची आग मस्तकाले गेली. पण माह्याआधी बुडी उठली. कंबर धरून जीपपाशी आली. "लहान्या, देवाले काय सांगाचं ते मी सांगतो. माही नात एकटी चालली. खरवड."

डोळे मिटून खरवडलं मालकानं. सारा चुरा डबीत भरून देव्हाऱ्यात ठेवला, मंगच बोल्ट आवळला. इंजिन चालू केलं, अ‍ॅक्सिलेटर दाबला, अन् नुसतं गाणं. बुडी कान देऊन आइकत राह्यली. "इतकं गोड गातो काय मी? मले कोणी सांगलं काऊन नाई?" सारा मांडव हासला. मंगली ताट घेऊन जेवाले बसली.

लगीन लागलं, पोरीले पोचवून मालक दुसऱ्या दिवशी आले. हातपाय न धुताच मायच्या खाटेपाशी बसले.

"आलापल्लीच्या पुढं सागवान लागलं. मंगली डोळे मिटून होती, आमाले वाटलं झोपली. तेवढ्यात टेपमधून तू म्हणलं, झोपली का व? तं पोरगी डोळे न उघडता म्हणे, नाई व आजी."

बुडीनं पदर तोंडाले लावला. म्हणे, "मंग? गाणं पुढं चाललं न?"

"चाललं, माय," मालक म्हणे. "एटापल्लीवरी चाललं."