खोत अण्णांची कोरी नोंदवही

कागलकडं जाणाऱ्या रस्त्याला, ऊस संपून माळ सुरू होतो तिथं 'श्रीमती चिमणाबाई पदव्युत्तर अध्ययन व संशोधन मंदिर' नावाची संस्था होती. चिमणाबाई ही संस्थापकांची आई. त्या माउलीनं उभ्या जन्मात शाळेची पायरी बघितली नव्हती आणि तिच्या नावानं आता पोरं पीएचडी करत होती. एवढं लांब नाव घ्यायला कोल्हापुरात कुणाला सवड? एसटीचा कंडक्टरसुद्धा 'चिमणाबाई कोण हाय, उतरा' असंच ओरडायचा, आणि भलेभले संशोधक मान खाली घालून उतरायचे.

या चिमणाबाईचे खरे कारभारी म्हणजे संशोधन विभागाचे हेडक्लार्क, मंगळवार पेठेतले अण्णासो खोत. ऐंशी साली टायपिस्ट म्हणून लागले आणि टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला तरी खुर्चीवरून हलले नाहीत. शिक्षण बारावी. आवाज असा की शेजारच्या इमारतीतलं माणूस 'आलो, आलो' म्हणायचं. पण पोरांचा जीव त्यांच्यावर होता, कारण तक्रार घेऊन गेलेलं पोरगं अण्णांकडून कधी रिकाम्या हातानं परतलं नव्हतं. एक पोरगी सोडून. तिच्याकडं येऊच.

अण्णांच्या मागच्या कपाटावर एक जाडजूड वही होती. 'संशोधक विद्यार्थी तक्रार नोंदवही'. सरकारी फतवा आला म्हणून ब्याण्णव साली शिवून घेतलेली, आणि दोन हजार चार उजाडलं तरी संपूर्ण कोरी. अण्णांना तिचा काय अभिमान. नव्या माणसाला मुद्दाम उघडून दाखवायचे. तक्रार कागदावर आली की गाईडला नाव कळतं, गाईडला नाव कळलं की पोराचं वाटोळं होतं, हा त्यांचा सिद्धांत. "लिवायचं न्हाई. बोलायचं. मी बघतो की," एवढं ते म्हणायचे आणि खरंच बघायचे.

एकदा जीवशास्त्राची पोरं रडत आली. प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये त्यांच्या नमुन्यांना जागा नव्हती, कारण तिथं विभागप्रमुखांच्या घरचं दही, खरवस आणि रविवारी उरलेला तांबडा रस्सा मुक्कामाला असायचा. अण्णा प्रमुखांकडं गेले आणि काळजीच्या सुरात म्हणाले, "साहेब, काल कुणीतरी बुरशी वाढवायला तुमचीच बरणी घेतलीती म्हणं. धुऊन ठेवलीया, पण म्हटलं सांगावं." दुसऱ्या दिवशी फ्रिज रिकामा. दुसऱ्या खेपेला एका सूक्ष्मदर्शकावरून पाच जण हातघाईवर आले, तेव्हा अण्णांनी शेताला पाणी पाजायची पाळी असते तशी पाळी लावून दिली. पाळी चुकवणाऱ्याला पुढची पाळी येईपर्यंत दावणीच्या बैलासारखं गप उभं राहायला लागायचं. भांडण मिटलं. कागद कुठंच नाही.

आता ती पोरगी. रुद्राणी, गडहिंग्लजच्या पलीकडची, घरात अर्धी कन्नड. उसावरच्या तांबेरा रोगावर सहा वर्षं राबली आणि दोनशे ऐंशी पानांचा प्रबंध गाईडच्या हातात दिला. गाईड डॉ. जोतीराम शेळके. माणूस वाईट नव्हे, पण विलक्षण. प्रबंध हातात आला की पहिल्या पानापासून वाचायला घ्यायचा, लाल पेनानं पहिलं पान रंगवायचा आणि परत द्यायचा. "आधी पहिलं पान नीट होऊ दे." पोरगी ते सुधारून आणायची. शेळके सर पुन्हा पहिल्या पानापासून. 'ऊस हे महत्त्वाचे पीक आहे' याचं 'अत्यंत महत्त्वाचे' झालं, मग पुढं 'नगदी' आलं, मग 'अत्यंत' गेलं, मग 'नगदी' गेलं. अकराव्या खेपेला वाक्य फिरून मूळच्या जागी आलं. दुसरं पान मात्र सरांनी अजून बघितलं नव्हतं.

गेल्या वर्षी संक्रांतीनंतर रुद्राणी लेखी तक्रार घेऊन आली होती. अण्णांनी कागद वाचला, घडी घातली आणि तिच्याच हातात परत दिला. "पोरी, लिवू नको. मी बघतो."

आणि बघितलं की. शेळके सरांना चहाला नेलं, त्यांच्या मेहुण्याकडून सांगून बघितलं, त्यांच्या मिसेसच्या कानावरही घातलं. सर दरवेळी हसून म्हणायचे, "झालंच की, अण्णा. पहिलं पान तेवढं राहिलंय." असं वर्ष उलटलं. आता मार्चच्या एकतीस तारखेला रुद्राणीची नोंदणी संपत होती. मुदतवाढ दोनदा घेऊन झाली होती, तिसरी मिळत नाही. त्या तारखेआत गाईडच्या सहीचा प्रबंध दाखल झाला नाही तर सहा वर्षं पाण्यात. पोरगी टेबलासमोरून जायची, काही बोलायची नाही, आणि अण्णांना जेवण गोड लागायचं नाही.

अशात फेब्रुवारीत बातमी आली. मूल्यांकन समिती येणार, संस्थेला दर्जा देणार. संचालकांनी अण्णांना बोलावून तक्रारींची वही मागितली. अण्णांनी ती दोन्ही हातांनी, आरतीचं ताट द्यावं तशी दिली.

"कोरी हाय, साहेब. बारा वर्षांत एक तक्रार न्हाई."

संचालकांनी कपाळाला हात लावला. "अहो खोत, कोरी वही म्हणजे तक्रार नाही असं नाही समजत ते. तक्रार ऐकायची सोयच नाही असं समजतात. मला निदान चाळीस तक्रारी पाहिजेत. निवारण झालेल्या."

मग काय, 'विद्यार्थ्यांनी निर्भयपणे तक्रारी कराव्यात' अशी नोटीस लागली. पोरांना वाटलं, कुणाचा तरी काटा काढायचाय. आठवडाभर कुणी फिरकलं नाही. शेवटी एकानं लिहून दिलं, 'माझी कोणतीही तक्रार नसून सर्व प्राध्यापक देवमाणूस आहेत.' ते निवारण कसं करायचं हा नवाच प्रश्न झाला. मग संचालक हळू आवाजात म्हणाले, "तुम्हीच लिहा खोत. वेगवेगळ्या पेनांनी."

अण्णा वही घेऊन घरी आले. खोटं लिहायचा माणूस नव्हता. पण बारा वर्षांत मिटवलेलं सगळं डोक्यात होतं. फ्रिज, सूक्ष्मदर्शक, ग्रंथालयाची हरवलेली किल्ली, वसतिगृहाचं पाणी. रविवारी दिवसभर बसून त्यांनी तारखा आठवत एकोणचाळीस तक्रारी उतरवल्या, सगळ्या घडलेल्या, सगळ्या मिटलेल्या. चाळिसावी काही सुचेना. म्हणजे सुचत होती, एकच सुचत होती. बायको शालूबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "जी मनात हाय ती लिवा आन् उठा जेवायला."

अण्णांनी लिहिलं. 'क्र. ४०. कु. रुद्राणी. मार्गदर्शक प्रबंध वाचत नाहीत.' पुढचा रकाना कार्यवाहीचा. तो मोकळा सोडता येत नव्हता. अण्णांनी मन घट्ट केलं आणि लिहिलं, 'मार्गदर्शकांनी संपूर्ण प्रबंध वाचून दि. २० जानेवारी २००४ रोजी सही केली.' धडधडीत खोटं. पण त्यात त्यांचा एक डाव होता. तक्रार समितीचे सचिव शेळके सरच होते. वहीखाली त्यांची सही लागणार. वाचतील, भडकतील, टेबलावर आपटतील आणि मग एकदाचं समोरासमोर भांडता येईल. भांडणात अण्णा कुणाला हार जात नसत.

सोमवारी वही सरांपुढं ठेवून अण्णा बाह्या सरसावून उभे राहिले. सरांनी लाल पेन काढलं. पहिलं पान वाचलं. तीन दुरुस्त्या केल्या. मग शेवटचं पान उघडून, तारीख घालून झोकदार सही ठोकली.

"छान लिवलंय, अण्णा. पहिलं पान तेवढं बघा."

डाव वाया गेला असं वाटून अण्णा जाग्यावर जाऊन बसले.

समिती पंधरा मार्चला आली. अध्यक्ष एक वयस्कर बाई, लखनौकडच्या. त्यांनी सगळ्यांसमोर वही मागितली आणि काय आश्चर्य, शेवटाकडून उघडली. चाळिसावी तक्रार कुणाकडून तरी भाषांतर करून घेतली आणि खूश झाल्या. गाईडविरुद्ध तक्रार नोंदवून घेणारी आणि ती सोडवणारी संस्था त्यांनी आजवर पाहिली नव्हती. "ही मुलगी आणि तिचा प्रबंध परवा, सतरा तारखेला मला दाखवा," असं त्यांनी हिंदीत सांगितलं. समोर बसलेल्या शेळके सरांचा चेहरा चुना लावल्यासारखा झाला.

व्हरांड्यात सरांनी अण्णांना गाठलं. "खोत, काय लिवलंयस रं हे?"

"सर, खाली सही तुमची हाय."

अण्णांनी त्यांना रेकॉर्डच्या खोलीत, दोन कपाटांच्या मागं बसवलं, प्रबंध पुढ्यात ठेवला आणि स्वतः दारात स्टूल टाकून बसले. पहिलं पान तेवढं त्यांनी आधीच काढून खिशात घातलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी आतून हाक आली. एवढ्या बारीक आवाजात सर कधी बोलले नव्हते.

"अण्णा, चौथं प्रकरण मला कळत न्हाई. ही कॉम्प्युटरची कोष्टकं, हे आलेख. मी पीएचडी केली तेव्हा पन्हाळ्याच्या उतारावरची गवतं मोजलीती, बोटांवर. मागंच एकदा पुढची पानं चाळलीती आन् भ्यालो. पोरीला कसं सांगायचं, तुझ्या गाईडला येत न्हाई म्हणून?"

अण्णांना चौदा महिन्यांचा राग होता. तो कुठं गेला ते त्यांनाच कळलं नाही. बारावीच्या गणितात आपण तीनदा नापास झालो ते त्यांनी सरांना सांगितलं, कधी कुणाला न सांगितलेलं, आणि रुद्राणीला बोलावून आणलं.

पोरीनं स्टुलावर बसून चौथं प्रकरण समजावलं. सरांनी तीन प्रश्न विचारले. दोन साधे होते. तिसऱ्याला ती थबकली, कोष्टक पुन्हा बघितलं आणि म्हणाली, "अय्यो, हितं माझी चूक हाय की, सर." संध्याकाळपर्यंत ती चूक दुरुस्त झाली. सरांना तांबेऱ्याची इतकी गोडी लागली की ते उठायला तयार नव्हते. शेवटी त्यांनी पेन काढलं आणि म्हणाले, "वहीत वीस जानेवारी हाय. तीच तारीख घालतो."

"नको सर," रुद्राणी म्हणाली. "आज सोळा मार्च हाय. वीस जानेवारीला ही चूक आत व्हती."

सरांनी अण्णांकडं बघितलं. अण्णांनी वर पंख्याकडं बघितलं. सरांनी सोळा मार्च घातली.

आणि सतरा तारखेला तेच झालं. अध्यक्षबाईंनी सहीची तारीख बघितली, वहीतली बघितली आणि चष्मा काढला. संचालक गडबडीनं म्हणाले, "लिहिण्यातली चूक आहे, मॅडम." बाईंनी रुद्राणीला विचारलं, तक्रार कधी केली होतीस?

"लेखी तक्रार मी केलीच न्हाई," रुद्राणी सरळ म्हणाली. "गेल्या वर्षी लिवून आणलीती. अण्णांनी घेतली न्हाई. वहीतलं मी लिवलेलं न्हाई."

संचालकांनी अण्णांकडं असं बघितलं की आता नोकरीवरनं घरीच पाठवतील. अण्णा पुढं झाले आणि आपल्या मंगळवार पेठेच्या हिंदीत सुरू झाले.

"मॅडम, लडकी सच बोलती हाय. मैंनेच वापस भेजा. वही कोरी रखने का मेरे को लई अभिमान था. एकोणचाळीस तक्रार सच्ची हाय, लेकिन सब गेले महिने में बैठके लिखी. चाळिसावी का निवारण खोटा था. कल शाम को खरा हुआ."

बाईंना किती कळलं देव जाणे. त्या बराच वेळ लिहीत बसल्या. अहवाल आला तेव्हा संस्थेचा दर्जा एका पायरीनं घसरला होता आणि खाली एक वाक्य होतं: 'येथील नोंदवही विश्वासार्ह नाही, नोंदवही सांभाळणारा आहे.' संचालकांनी विश्वस्तांना 'सांभाळणारा विश्वासार्ह आहे' एवढंच वाचून दाखवलं आणि अण्णांना कारणे दाखवा नोटीस दिली, कारण वही विश्वासार्ह नाही हेही खरं होतंच.

पण हे सगळं नंतर. एकोणतीस मार्चला रुद्राणीचा प्रबंध दाखल झाला. पोचपावती अण्णांनी स्वतः टाइप केली. पोरगी पेढे घेऊन टेबलापाशी आली, पाया पडली आणि मग म्हणाली, "अण्णा, ती वही द्या की."

अण्णांना वाटलं आभार लिहील. पेढा तोंडात टाकून ते बघत राहिले. तिनं क्रमांक घातला, एक्केचाळीस, आणि सावकाश लिहिलं, 'जानेवारी २००३ मध्ये माझी तक्रार नोंदवून घेतली नाही. त्यामुळे माझे चौदा महिने गेले. संबंधित कर्मचारी : अ. रा. खोत.' खाली सही केली आणि वही त्यांच्याकडं वळवली.

अण्णांनी दोनदा वाचलं.

"रागावलीस व्हय गं?"

"न्हाई अण्णा. तुमच्यावर राग येत न्हाई, म्हणून तर कुणी लिवत न्हाई." तिचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. "म्हटलं, माझ्यापास्नं सुरू व्हावं."

दारात आणखी दोघं-तिघं पोरं उभी होती, हातात कागद घेऊन. त्यांना आत यावं की नाही कळत नव्हतं. अण्णांनी आवक शिक्का मारला. कार्यवाहीच्या रकान्यावर पेन टेकवलं. मग लिहिलं, 'तक्रार खरी आहे. निवारण शक्य नाही.' खाली सही केली, त्या दिवसाचीच तारीख घातली आणि दारातल्या पोरांना आत बोलावलं.