जुईच्या कॅप्सूल

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. नीलाला, माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

वीसेक वर्षं झाली. उमेळ्याला नवा फ्लॅट घेतला होता, खिडकीमागे केळीची वाडी. आमची जुई चौथीत. डबा शाळेत विसरायची, छत्री रिक्षात, गणित अर्ध्यावर सोडून चिमण्या बघायची. शाळेनं बजावलं होतं — असंच चाललं तर दाखला घेऊन जा.

आणि नीला! काय बाई आहे हो ती! डॉक्टरांनी एडीएचडी म्हटलं — लक्ष एका जागी न टिकण्याचा त्रास — आणि हिचे प्रश्न सुरू. सवय लागेल का? भूक मरेल का? सुट्टीच्या दिवशीही द्यायची का? डॉक्टर म्हणाले, हे उत्तेजक औषध नाही, याची सवय लागत नाही. पण रोज द्यायचं, आणि फरक दिसायला काही आठवडे जातात. नीला म्हणाली, थांबू की.

ती ऑफिसला लवकर निघायची. नाश्त्यानंतर कॅप्सूल देणं माझ्याकडे. आणि मी — मी शंखपुष्पीचं सिरप पाजायचो. डोक्याचं औषध चालू आहे म्हटल्यावर लोक काय म्हणतील? उद्या पोरीचं लग्न कसं जमेल? चौथीतल्या पोरीचं लग्न! कॅप्सूल काढून वाडीत भिरकावायचो, रिकामं पाकीट नीलासाठी ठेवायचो. जुई समोरच पोहे चिवडत असायची. तिचं कुठे लक्ष असतं, असं मी धरून चाललो होतो.

महिने गेले, फरक शून्य. डॉक्टर म्हणाले, लागू पडत नाही, बंद करू. नीलाचा चेहरा एवढासा झाला. माझंच काहीतरी चुकतंय, म्हणाली. तेव्हा बोलायला हवं होतं ना मी?

पाय हलवत बसलेली जुई म्हणाली, "आई, मीच थुंकून टाकायचे."

नीलानं तिथेच तिच्या पाठीत धपाटा घातला. जुई रडली नाही. माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

मग नीला उशिराची गाडी पकडायला लागली, कॅप्सूल स्वतः द्यायला लागली. काही आठवड्यांनी जुईनं गणिताचं पान पुरं केलं. शाळा सुटली नाही.

आता ती नोकरी करते. माहेरी आली की अजून चष्मा शोधत घरभर फिरते. नीला चिडवते, "कॅप्सूल थुंकायचीस, आठवतंय का?"

"हो ना, महाडांबिस होते मी," जुई हसते.

मी समोर बसून चहा पितो.