डॉक्टरसाठी काढलेला घास

निखिलला हे माहीत नाही. आमच्या इराला माहीत नाही. माझ्या सख्ख्या बहिणीला मी नवऱ्याशी झालेल्या भांडणापासून अंगावरच्या पुरळापर्यंत सगळं सांगते – तिलाही नाही. आणि जिला सांगायला हवं होतं, ती आता राहिली नाही. तर तुम्ही ऐका. फार सरळ सांगता येईल असं नाही वाटत, कारण इतकी वर्षं ही गोष्ट मी स्वतःलासुद्धा अर्धीच सांगत आलेय.

माशांपासून सुरुवात करते. ते सोपं आहे.

आम्ही स्टुटगार्टला राहतो, चढावरच्या एका गल्लीत, तळमजल्यावर. निखिल गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर, मी सॉफ्टवेअरमध्ये. तळमजला घेतला तो त्याच्या टाकीसाठी. खाऱ्या पाण्याची, सोफ्याएवढी लांब टाकी – वरच्या मजल्यावर तेवढं वजन ठेवायला घरमालक तयार होईना. पण खरी अडचण वेगळीच निघाली. समुद्रातले बरेचसे मासे मांसाहारी. त्यांच्यासाठी फ्रीजरमध्ये कोळंबीच्या वड्या ठेवाव्या लागतात. माझ्या फ्रीजरमध्ये? खोवलेल्या नारळाशेजारी? मी म्हटलं, अजिबात नाही. मग निखिलनं शोधून शोधून शाकाहारी मासा आणला. पिवळाधमक, ताटलीएवढा. ह्या जातीला जर्मन लोक डॉक्टरफिश म्हणतात, म्हणून आमच्याकडे तो नुसता डॉक्टर. सोबतीला काचेवरचं शेवाळ खरवडणारा एक बोटभर मासा होता, त्याला कुणी नावही ठेवलं नाही.

डॉक्टरला दिवसभर चरायला लागायचं, शेळीसारखं. पोट आत गेलं की समजायचं, काहीतरी चुकतंय. समुद्री शेवाळाचा तो सुशीचा कागद – बिनमिठाचा, बिनतेलाचा – चिमट्यात धरून काचेला लावायचा. किंवा पालकाचं पान गरम पाण्यातून काढून द्यायचं. एवढंच. हे मी इतक्या तपशिलात का सांगतेय? कारण पालकानं तो मरत नाही हे मला पक्कं माहीत होतं, हे तुम्हाला कळायला हवं.

बाबा, म्हणजे माझे सासरे, गेल्यानंतर वर्षभरानं आई आमच्याकडे आल्या. तीन महिन्यांच्या व्हिसावर. आई म्हणजे माझ्या सासूबाई. जेवायला बसण्याआधी गाईसाठी घास काढायची त्यांची सवय. पुण्यात कोपऱ्यावर गोठा होता. इथं गाय आहे ती दुधाच्या खोक्यावर. पहिल्या दिवशी हातात पोळीचा तुकडा धरून त्या स्वयंपाकघरात नुसत्या उभ्या राहिल्या. मग त्यांची नजर टाकीकडे गेली. "हा पण पालाच खातो ना गं? मग झालं तर."

तेव्हापासून गाईचा घास डॉक्टरला. पोळी चालत नाही हे निखिलनं सांगितलं, ते त्यांनी असं धरून ठेवलं की मीठ लागलेला हातसुद्धा आधी धुवायच्या. आणि मग आमची इरा त्यांच्या मागे लागली. इराला तेव्हा मराठी सगळं कळायचं, पण उत्तर द्यायची ते जर्मनमध्ये. आजी काहीतरी विचारायची, ही 'या', 'नाइन' – हो, नाही – एवढंच करून पळायची. तीच इरा आता शाळेला जायच्या आधी स्टुलावर चढून आजीला चिकटून उभी राहायला लागली. एका पानाला दोघींचे हात. डॉक्टर यायचा, बोटांतून ओढून न्यायचा आणि इरा ओरडायची – "घे, घे, अजून घे!" मराठीत. मी सात वर्षं जीव तोडून बोलत होते, माझ्यामुळे नाही आलं ते.

आनंद झाला का मला? झाला. आणि जळफळाटही झाला. माझ्या स्वयंपाकघरात माझेच डबे मला सापडत नव्हते, माझी मुलगी माझ्याआधी आजीला गुड मॉर्निंग करत होती, आणि निखिल म्हणायला लागला होता, आईला दरवर्षी बोलवू या, तीन-तीन महिने. मी म्हणायचे, हो, बोलवू या की. तोंडावर हसू ठेवून. कळतंय ना तुम्हाला, कुठल्या पाण्यात मी पोहत होते ते?

पितृपंधरवड्यात बाबांची तिथी आली. निखिलनं सकाळी व्हिडिओवर गुरुजींना बसवून तर्पण केलं आणि तो कामावर गेला. आईंनी साग्रसंगीत स्वयंपाक केला – खीर, वडे, सगळं. अळू मिळालं नाही, म्हणून पालकावर भागवलं. कावळ्याचं पान मागच्या दारच्या ओट्यावर ठेवलं. इथले कावळे कसले धष्टपुष्ट, लगेच झडप घातली. आईंच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणाल्या, ह्यांनी वाट नाही बघायला लावली. राहिलं गाईचं पान.

मी त्या दिवशी घरूनच काम करत होते. टेबल टाकीच्या शेजारी, आणि टाकीचे पंप सारखे घुमत असतात. आदल्या आठवड्यात आमचा बॉस मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला होता, मृदुला, तुझ्याकडे वॉशिंग मशीन सुरू आहे का? त्या दिवशी तर गिऱ्हाइकासमोर डेमो होता. सगळे पंप एकाच एक्स्टेन्शनवर. मी पायानं बटण बंद केलं.

पंप बंद करायचे नाहीत, हा निखिलचा नियम होता. पाणी हललं नाही की त्यातला प्राणवायू संपतो, आणि डॉक्टरसारखा मासा आधी गुदमरतो. ह्याआधी मी एकदा बंद केले होते तेव्हा आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. दिवा वेगळ्या प्लगवर होता, त्यामुळे टाकी नेहमीसारखीच उजळलेली दिसत होती.

डेमोच्या मध्येच आई दाराशी आल्या. "गाईचं पान डॉक्टरलाच दिलं तर चालेल ना गं आज? ह्यांच्या नावाचं आहे म्हणून विचारते. फोडणीच्या आधीच कोवळी पानं बाजूला काढलीत." मी माइक बंद केला, मान वर न करता म्हटलं, "हो आई, द्या." आणि परत सुरू केला.

डेमो छान झाला. मग बॉस म्हणाला, ऑफिसात ये. मी कोट चढवला आणि निघाले.

आता इथपर्यंत कुणीही म्हणेल, विसरली बिचारी. मीसुद्धा स्वतःला हेच सांगत आले. पण मी विसरले नव्हते हो. म्हणजे – विसरले होते, पण एस-बानच्या फलाटावर मला लख्ख आठवलं. पंप. फोन हातात होता. घरी आई होत्या. 'आई, टाकीखालचं ते लाल बटण दाबा', एवढं एक वाक्य. मी नाही केला फोन. का? कारण संध्याकाळी आई निखिलला सहज बोलून गेल्या असत्या, मृदुलानं फोन करून बटण लावायला सांगितलं. आणि मग परत ते भांडण, परत त्याचं ते शहाण्यासारखं समजावणं. मला तेवढं नको होतं. म्हटलं, काय होतंय, परत येऊन लावते. गाडी आली, मी चढले.

संध्याकाळी इराला हॉर्टमधून, म्हणजे शाळेनंतरच्या पाळणाघरातून, घेऊन घरी आले. आई स्टुलावर बसल्या होत्या, साडीचा पदर ओला, हात कोपरापर्यंत ओला. टाकीत सगळीकडे पालक. पानंच पानं, वर तरंगणारी, खाली बसलेली. आणि कोपऱ्यात डॉक्टर आडवा. पिवळा रंग गेलेला, कळकट पांढरा. त्या म्हणत होत्या, "तोंड उघडून सारखा वर येत होता गं. मला वाटलं, भूक लागलीय. मी देत राहिले. घेईचना. म्हटलं, आज ह्यांचा घास आहे, असं नको करूस, घे ना रे बाबा…"

तो हवेसाठी वर येत होता.

इरा दप्तर टाकून काचेला जाऊन भिडली. आई तिला जवळ घ्यायला उठल्या. आणि मी – मी काय केलं? मी पायानं बटण लावलं. पंप घुमायला लागले. कुणाचं लक्ष नव्हतं. तो बोटभर मासा तेवढा एका दगडाआडून धापा टाकत बाहेर आला.

आईंनी मला फोन का केला नाही, हे नंतर कळलं. "तुझी मीटिंग असेल म्हटलं."

निखिल आला. त्यानं मासे विकणाऱ्या दुकानदाराला फोन लावला, स्पीकरवर. तो म्हातारा म्हणाला, पालकानं असा काही तासांत मरत नाही, पंप सुरू होते ना? निखिलनं माझ्याकडे बघितलं. "पंप सुरू होते ना गं?"

मी म्हटलं, "हो."

बस, हेच ते. एक अक्षर. आई समोर होत्या, इरा समोर होती. दुकानदार म्हणाला, मग त्या पानांवर फवारणी असेल, सांगता येत नाही. निखिलनं फोन ठेवला आणि पानं काढायला लागला, आईंकडे न बघता. इरा वळली आणि आजीला म्हणाली, "डू हास्ट ईन उमगेब्राख्ट." आईंना जर्मन येत नव्हतं. पण तू त्याला मारलंस, हे कळायला भाषा लागते का? त्या चेहऱ्याकडे बघूनच त्यांना कळलं.

मग मी पुढे झाले. आईंच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, "जाऊ दे आई, तुम्ही काय मुद्दाम केलंत? इरा, आजीला काही बोलायचं नाही." निखिल माझ्याकडे किती कृतज्ञतेनं बघत होता! मोठ्या मनाची सून. जे त्यांनी केलंच नव्हतं, त्याची मी त्यांना माफी देत होते, आणि त्या माफीनंच गुन्हा पक्का केला. खोटं बोलण्यापेक्षा मला ह्याची जास्त किळस येते.

पुढचे दिवस आई टाकीच्या खोलीत आल्या नाहीत. घास काढणं बंद झालं. एकदा इराला भात भरवायला मी सांगितलं तर म्हणाल्या, "नको, माझ्या हातचं नको तिला." त्यांच्या मनानं घेतलं होतं की घास बाबांनीच नाकारला. मुका जीव मेला तो आपल्या हातून, आणि तोही ह्यांच्या तिथीला. एवढं मोठं ओझं घेऊन ती बाई आमच्या घरात पोळ्या लाटत होती, आणि मी शेजारी कोशिंबीर कालवत होते.

जायच्या आधी त्यांनी मला एकदा विचारलं, अगदी हळू. "मी तुला विचारलं होतं का गं, पान देऊ का म्हणून? मला आपलं वाटतं, विचारलं होतं. पण आता माझंच मला खरं वाटेना."

मी म्हटलं, "आठवत नाही, आई."

निखिलनं पुढच्या वर्षी बोलावलं, त्याच्या पुढच्या वर्षी बोलावलं. त्या नाही म्हणाल्या. गुडघे, थंडी, विमान – काहीबाही सांगायच्या. निखिल हिरमुसायचा. मला हायसं वाटायचं. हो, हायसं. लाज वाटली तरी आधी हायसंच वाटायचं. माझे डबे मला जागेवर सापडत होते.

मागच्या हिवाळ्यात त्या अंथरुणाला खिळल्या. निखिल पुण्याला गेला, आम्ही दोघी मागाहून निघणार होतो. त्यानं व्हिडिओ लावून दिला आणि औषधं आणायला बाहेर गेला. आवाज अगदी क्षीण झाला होता. इरा आता मोठी झालीय, माझ्या खांद्याला लागते. मराठी तेव्हा कळायचं तरी, आता घरातही जर्मनच, त्यामुळे तेही गेलंय. आई तिच्याकडे बघत मला म्हणाल्या, "तिला विचार गं, डॉक्टरचा राग गेला का तिचा." इराला काही कळलं नाही. तिनं माझ्याकडे बघितलं, म्हणजे, काय म्हणतेय आजी?

तेव्हा सांगता आलं असतं. दोघी समोर होत्या. निखिलही खोलीत नव्हता. दोन वाक्यं मराठीत, दोन जर्मनमध्ये.

मी इराला म्हटलं, आजी विचारतेय, तू बरी आहेस ना. इरा म्हणाली, "या, आलेस गूट," हो, सगळं ठीक, आणि हात हलवला. मी आईंना म्हटलं, "गेला म्हणतेय, आई. केव्हाच गेला." त्यांनी दोन्ही हात जोडले. नातीला. स्क्रीनवरच्या नातीला माझ्या सासूनं हात जोडले, आणि मी ते बघितलं.

आम्ही पोचायच्या आत त्या गेल्या.

परवा इराची मैत्रीण घरी आली होती. टाकीत आता नवा डॉक्टर आहे, तसाच पिवळा. मैत्रिणीनं विचारलं, पहिल्यापासून हाच का? इरा म्हणाली, नाही, ह्याच्या आधी एक होता, त्याला माझ्या आजीनं मारलं. रागानं नाही म्हणाली. सांगायचं म्हणून सांगितलं. आजीबद्दल तिला सांगण्यासारखं तेवढंच आठवतं.

मी पलीकडेच उभी होते. दोघींसाठी सफरचंद कापत होते. कापून झालं, बशी त्यांच्यासमोर ठेवली आणि आत गेले.