अक्कानं मागितलेलं

आमच्या नायगावाकडं कंदुरीचा बोकड मीच कापतो. हिंदूचा असो का मुसलमानाचा, पीराला नवस फेडायचा म्हणलं की खाजामियाँला बोलावणं येतंच. पण चतुराबाईच्या कंदुरीला माझा हात चालत नव्हता. राग आला होता मला तिचा.

चतुराबाई म्हणजे आमच्या शेजारची अक्का. नवरा लवकर गेला, रान एकटीनं ओढलं. जिभेची लई तिखट. माझी शेळी तिच्या तुरीत शिरली की माझ्या सात पिढ्या काढायची, अन् सांजच्याला माझ्या बायकोला, शकिलाला, तांब्याभर ताक आणून द्यायची. तिचा एकुलता एक भागवत परमुलखात वेल्डिंगच्या कामाला गेला अन् तिकडं लढाई पेटली. फौजेनं शहराला वेढा घातला, भागवत आत अडकला. त्याला लहानपणापासून साखर. रोज इन्सुलिनची सुई टोचल्याबिगर जमत नव्हतं, अन् सुया सरत आलेल्या.

मग टीव्हीवर आलं, फौज आता शहरावर हल्ला करणार. त्याच्या आधी बाहेरदेशच्या मजुरांना निघायला रस्ता मोकळा करणार. मी म्हणलं, "अक्का, रस्ता उघडून राहिला, पोरगं सुटतंय बघ." पण तिच्या डोक्यात नुसता हल्लाच शिरलेला. तशीच उठली, दर्ग्याच्या उंबऱ्यावर डोकं टेकलं अन् माझ्यासमोर बोलली, "पीरसाहेब, हल्ला होऊ देऊ नको. भागवतच्या लग्नाला पाळलेला बोकड तुला देते."

अन् काय सांगू, हल्ला खरंच रद्द झाला! मोठे देश मधी पडले म्हणे. अक्का नाचायचीच बाकी राहिली होती. लगेच कंदुरी धरली. मी म्हणलं, "अगं, वेढा उठला न्हाई अजून. पोरगं घरी येऊ दे, मग करू."

"गप बसा ओ, खाजामियाँ! पीरानं ऐकलं माझं. आता त्याला ताटकळत ठेवू का?"

सगळी आळी जेवली. रस्सा झकास झाला होता, पण माझे कान टीव्हीच्या बातम्यांकडंच लागलेले.

हल्लाच न्हाई म्हणल्यावर रस्ता कशाला उघडतेत? फौज वेढा घालून तिथंच बसली. पाव आत जाईना, औषध आत जाईना. भागवतचा फोन आला, आवाज पार खोल गेलेला. "माय, सुया संपल्या." अक्का फोनमधी ओरडून राहिली, "दवाखान्यात जा रे, कुणाला तरी माग रे!" तिकडं दवाखाने तरी कुठं उरले होते. पुढचा फोन त्याच्या सोबतच्या पोरानं केला. मातीबी तिकडंच दिली. मायला तोंड बघायला मिळालं न्हाई.

बरेच दिवस शकिला तिच्यापाशीच झोपत होती. मग एका सकाळी मी दर्गा झाडत असताना अक्का आली. डोळे कोरडे.

"खाजामियाँ, माझा नवस कबूल झाला होता ना?"

"झाला होता, अक्का."

"हाव. मागितलं तेवढं त्यानं दिलं."

मी चिडलोच. "येडी हाय का तू? लढाया काय तुझ्या बोलण्यावर चालतेत?" अन् हातातला झाडू टाकून तिच्यापाशीच बसलो.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग उंबऱ्याकडं बघत म्हणाली, "पोरगं घरी आण म्हणायला पाहिजे होतं ओ. रान दिलं असतं मी. मी बोकडापुरतंच मागितलं."