हाताच्या मापाची काठी
सगळ्यात लांब दांड्याचा ड्रायव्हर, म्हणजे लांबचा फटका मारायची गॉल्फची काठी, मागितला, तशी गॉल्फच्या दुकानातल्या माणसाने माझ्या मनगटापासून जमिनीपर्यंत टेप लावली आणि मला एकदम पावस गावच्या आमच्या आंब्याच्या बागेतल्या चिकाचा वास आला. लहानपणी एका हंगामात बाबांनी पहिल्यांदाच मला माझा झेला निवडू दिला होता. झेला म्हणजे आंबे उतरवायची, टोकाला पातं आणि जाळी लावलेली बांबूची काठी. मी हट्टाने सगळ्यात लांब झेला उचलला, कारण शेंड्याचे आंबे मलाच काढायचे होते. वर गेल्यावर तो नुसता हेलकावे खायला लागला. देठासकट उतरायचे आंबे देठ मोडून सुटले, सालीवर चीक ओघळला, चार तर कातळावर आपटून फुटले. हंगामाची पहिली पेटी त्याच दिवशी मुंबईला जायची होती, ती काही भरली नाही. मी रडकुंडीला आले. बाबा रागावले नाहीत. माझा हात वर धरून त्यांनी माप घेतलं, कोयत्याने बुडाकडचा हातभर बांबू तोडला आणि म्हणाले, “काठी झाडाच्या मापाची नसते गो बाय, हाताच्या मापाची असते.” तुकडा त्यांनी पडवीच्या वाशात खोचून ठेवला. “उंच झालीस की जोडू हां.” पुढच्या हंगामाआधीच मी शिकायला मुंबईला आले. बाबा गेले, तेव्हाही तो तुकडा तिथेच होता. “दांडा इंचभर कापावा लागेल, मॅडम,” दुकानातला माणूस म्हणाला, “कापलेला तुकडा टाकून देऊ ना?” मी म्हटलं, “नको. द्या इकडे.”