'हे', 'ते' आणि जंताचं औषध

माझ्या पोटात जंत नव्हते, तरी मी पिपरझिनची अख्खी बाटली प्यायलो आहे.

दोष कुत्र्याच्या नावाचा. पंचाहत्तर सालच्या आसपास मी मुळशीत, माले गावी मास्तर होतो. सासुरवाडीहून, भुकूमहून, एक पिल्लू आलं. त्याचं नाव राजा. आणि माझं राजाराम! नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून बायकोनं कुत्र्याचंही टाकलं. (दुसरं नाव ठेवून पाहिलं, कुत्रा ढिम्म.) मग मी झालो 'हे' आणि कुत्रा 'ते'. नावाचा मान म्हणून त्यालाही अहोजाहो! एवढ्यावरही निभावलं असतं, पण घराबाहेर पडलो की मीही 'ते'च व्हायचो.

एकदा राजाचं पोट टम्म फुगलं. पौडच्या जनावरांच्या डॉक्टरांनी पातळ औषध दिलं. खुरपणीला जाताना बायकोनं बाटली माझ्या आईकडे सोपवली. "आत्याबाई, ते आले की जंताचं औषध समदं पाजा. तोंड फिरवतील, पर सोडू नका."

शाळा सुटून मी घरी आलो, तर आई वाटी घेऊन दारात!

"पी."

"हे कसलं?"

"जंताचं. तुज्या बायकूनं आणलंय."

"मला जंत हायेत? तिला कुणी सांगितलं?"

"पोट बघ की सोताचं!"

पाहिलं. मुद्दा खोडता येईना. प्यायलो. (नाक आईनं दाबून धरलं होतं.)

तिन्हीसांजेला बायको आली. "घेतलं का त्यांनी?"

"घेतलं की! जरा गुरगुरला, पर घेतलं."

"मग बांधून का न्हाई ठिवलं?"

"बांधायचं? कशाला?" आई चक्रावली. आत मीही!

तेवढ्यात राजा शेपूट हलवत आला. बायकोनं त्याचं पोट पाहिलं, रिकामी बाटली पाहिली, मग मला पाहिलं.

"अगं बया! ह्यांनी त्यांचं प्यालं!" ती रडायलाच लागली.

माझी पाचावर धारण बसली होती, तरी तिची माया बघून मला भरून आलं. डोळे पुसत ती म्हणाली, "आता त्यांचं कसं हुनार?"

मी सायकल पौडला हाणली. डॉक्टर हसून हसून बेजार. "अहो मास्तर, लहान पोरांनाही हेच देतात! तुम्हाला काही होत नाही." राजासाठी दुसरी बाटली मिळाली. रात्री बायकोनं ती स्वतः पाजली.

धसक्यानं तिनं रीत मोडली. तेव्हापासून ती अंगणातून खणखणीत हाक मारायची, "राजाऽ!" आम्ही दोघंही धावायचो. त्याला भाकरी मिळायची आणि मला रिकामी घागर!