पाळण्याची चोरी

त्या पाळण्याची केस निवृत्तीनंतर इतकी वर्षं झाली तरी माझ्या मनातून गेलेली नाही. नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. मी दक्षिण बंगळूरमधल्या एका ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. सकाळची हजेरी आटोपून खुर्चीत बसतो न बसतो, तोच मराठी मंडळींच्या एका संस्थेचे तिघे जण फिर्याद द्यायला आले. त्यांच्या सभागृहातला जुना शिसवी पाळणा चोरीला गेला होता. इथल्या कितीतरी मराठी घरांतल्या मुलांची बारशी त्याच पाळण्यात झालेली. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं, त्यामुळे माझंही नाव त्यातच ठेवलेलं.

जागेवर जाऊन पंचनामा केला. कुलूप शाबूत होतं. पाळणा नीट सुटा करून नेलेला होता आणि शेजारचं चांदीचं तबक जागच्या जागी होतं. विकण्यासाठी चोरी करणारा माणूस चांदी सोडून लाकूड नेत नाही. ही गोष्ट मी मनात ठेवली.

किल्ल्या दोनच. एक चौकीदाराकडे, दुसरी संस्थेच्या कार्यवाहांकडे. कार्यवाह म्हणजे सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, नोकरीसाठी पुण्याहून येऊन इथेच स्थायिक झालेले. फिर्याद द्यायला आलेल्या तिघांत तेही होते. त्यांच्याकडे कुणाचं बोट वळलं नाही. सगळ्यांनी चौकीदाराचं नाव घेतलं.

चौकीदार कन्नड, वयस्कर माणूस. मी त्याला ठाण्यात बोलावून दोन-तीनदा तेच तेच विचारलं. खोटं बोलणारा दर वेळी हकिगतीत थोडी भर घालतो. याची हकिगत होती तेवढीच राहिली. किल्ली माझ्याकडे असते, तेव्हा मलाच विचारणार, पण पाळणा मी नेला नाही, एवढंच तो म्हणत होता. बाहेर बाकावर त्याची बायको डबा घेऊन बसली होती.

दुसऱ्या दिवशी आमच्या हवालदाराने खबर आणली. जयनगरच्या बाजारामागे लाकडी खोकी बनवणाऱ्याकडे एक गृहस्थ आले होते. आतून कापूस लावलेलं भक्कम खोकं त्यांना हवं होतं, अमेरिकेला पाठवण्यासाठी. पत्ता जे. पी. नगरचा होता आणि तो कार्यवाहांचा निघाला.

मी साध्या कपड्यांत त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीने कॉफी आणून दिली. मी खोक्याचा विषय काढलाच नाही. संशय चौकीदारावर आहे, आज त्याला अटक करावी लागेल, एवढंच सांगितलं. कार्यवाहांनी उचललेला पेला परत खाली ठेवला.

मग म्हणाले, "त्याला सोडा. पाळणा आतल्या खोलीत आहे."

पलंगाखाली जुन्या चादरींत प्रत्येक भाग वेगवेगळा गुंडाळून ठेवलेला होता. त्यांची एकुलती एक मुलगी कॅलिफोर्नियात होती. दोनदा मूल पोटातच गेलं होतं आणि आता तिसऱ्या खेपेला दिवस भरत आले होते. फोनवर ती घाबरून रडायची. माझं बारसं झालं तो पाळणा इथे असता तर धीर आला असता, असं एकदा ती बोलून गेली आणि बापाच्या डोक्यातून ते जाईना.

पत्नी दारात उभी राहून ऐकत होती. संस्थेने पाळणा दिला, असंच तिला वाटत होतं. तिने विचारलं, "अहो, मग मागितला का नाहीत?"

"आणि नाही म्हणाले असते तर?" ते म्हणाले. "मग नेता आला नसता."

मी मुद्देमाल जप्त केला आणि त्यांना रीतसर अटक केली. मायेपोटी केली तरी चोरी ती चोरीच, शिवाय एका निरपराध माणसाला त्यांनी संशयात राहू दिलं होतं. ठाण्यात चौकीदार समोर दिसताच त्यांनी हात जोडले. चौकीदार बायकोबरोबर घरी गेला. कोर्टात त्यांनी गुन्हा कबूल केला. वय आणि पहिलाच गुन्हा पाहून न्यायाधीशांनी त्यांना समज देऊन सोडलं.

संस्थेतल्या सर्वांत वडीलधाऱ्या अक्का मात्र त्यांच्यावर खूप चिडल्या होत्या. "मागितला असता तर दिला असता की रे! नातवंड रांगायला लागलं की परत आणून द्यायचा, संपलं," असं त्या मला म्हणाल्या.

मुलगी सुखरूप बाळंत झाली. पुढच्या हिवाळ्यात ती बाळाला घेऊन आली, तेव्हा संस्थेने आपणहून त्याला सभागृहात पाळण्यात घातलं. मलाही बोलावणं होतं. आजोबा मागे, खांबाजवळ उभे होते. चौकीदाराने त्यांना पाहिलं, हाताला धरून पुढे आणलं आणि पाळण्याची दोरी त्यांच्या हातात दिली. "बन्नी अण्णा, या, स्वल्प झोका द्या," एवढंच तो कन्नड-मराठी मिसळून म्हणाला. मुलगी हसत होती आणि बाळ डोळे उघडे ठेवून वर बघत होतं.

नोकरीत मी पुष्कळ चोर पाहिले. पहिलाच गुन्हा असलेला कुणी त्या केसनंतर समोर आला, की जबाब घेण्याआधी मी त्याला एक प्रश्न विचारायचो: कुणाकडे मागून पाहिलं होतंस का? बहुतेक जण मान खाली घालायचे.